‘क्लीन अप’ कसं वापरायचं: कामावर नव्याने लागलेल्यांसाठी

‘क्लीन अप’ मुंबईत सगळ्यांच्या कानावरचा शब्द आहे. महापालिकेने पूर्वी नेमलेले क्लीन-अप मार्शल, रविवारची बीच क्लीन-अप मोहीम, ऑफिसच्या पँट्रीतली ‘क्लीन अप आफ्टर युअरसेल्फ’ ही पाटी. अडचण येते ती हॉटेलात, हॉस्पिटलात, मॉलमध्ये किंवा ऑफिसात कामाला लागल्यावर हा शब्द स्वतःच्या वाक्यात बसवताना. पाहुण्याच्या टेबलावर कॉफी सांडते आणि तोंडून निघतं, ‘आय विल क्लीन द कॉफी’. सांडलेली कॉफी दोघांच्याही समोर असते म्हणून निभावतं. तेच वाक्य फोनवर किंवा लेखी निरोपात गेलं, तर वाचणारा गोंधळतो, कारण त्याचा सरळ अर्थ ‘मी कॉफी स्वच्छ करतो’ असा होतो.

ज्यांना साधी इंग्रजी वाक्यं जमतात, पण दोन शब्दांची क्रियापदं आली की पाय अडखळतो, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. एकच क्रियापद नीट पकडायचं. त्याचे नियम त्याच्या भावंडांनाही लागू पडतात.

पायरी १: स्वच्छ काय होणार, नाहीसं काय होणार

मराठीत आपण ‘ओटा पुसून घे’ म्हणतो आणि ‘ओट्यावरचं दूध पुसून घे’ असंही म्हणतो. क्रियापद तेच, फक्त कर्म बदललं. ओटा जागेवर राहतो, दूध जातं. आपल्याला हा फरक शब्दात दाखवावा लागत नाही. इंग्रजीत दाखवावा लागतो, आणि बहुतेक चुका इथेच होतात.

नुसतं ‘क्लीन’ म्हटलं की पुढची वस्तू स्वच्छ होते आणि जागेवर राहते. ‘क्लीन द टेबल’ म्हणजे टेबल स्वच्छ करा. ‘क्लीन अप’ म्हटलं की पुढे घाण, सांडलवंड किंवा पसारा येऊ शकतो आणि तो नाहीसा होतो. ‘क्लीन अप द कॉफी’ म्हणजे सांडलेली कॉफी पुसून टाका. म्हणून वाक्य जुळवण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: मी ज्याचं नाव घेणार आहे ते साफ झाल्यावर उरणार आहे का? उरणार नसेल, तर ‘अप’ हवंच.

‘क्लीन अप’च्या पुढे नेहमी येणारे दोन शब्द म्हणजे ‘स्पिल’ आणि ‘मेस’. स्पिल म्हणजे सांडलेलं काहीही: चहा, तेल, औषध, पाणी. मेस म्हणजे पसारा किंवा घाण. खानावळीशी त्याचा इथे संबंध नाही. नेमकं काय सांडलंय ते कळत नसेल तेव्हा ‘देअर्ज अ स्पिल निअर द लिफ्ट’ म्हटलं की काम होतं.

‘अप’ म्हणजे वर, मग खाली सांडलेल्याला ‘अप’ का, ही शंका बऱ्याच जणांना येते. या जागी ‘अप’ दिशा सांगत नाही, काम पुरतं झाल्याचं सांगतं. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे संपवून टाक. मराठीतल्या या ‘टाक’मध्येही काही फेकायचं नसतं. ते पटलं की ‘अप’ही पटतं.

हाच प्रश्न आणखी तीन क्रियापदांना लावून बघा. ‘मॉप द फ्लोअर’ म्हणजे लादी पुसा. ‘मॉप अप द वॉटर’ म्हणजे साचलेलं पाणी टिपून घ्या. पावसाळ्यात लॉबीत छत्र्यांचं पाणी झालं की दुसरं वाक्य लागतं. ‘स्वीप द फ्लोअर’ म्हणजे केर काढा. ‘स्वीप अप द ब्रोकन ग्लास’ म्हणजे फुटलेली काच झाडून घ्या. ‘वाइप द काउंटर’ म्हणजे काउंटर पुसा. ‘वाइप अप द मिल्क’ म्हणजे दूध पुसून घ्या. चारही जोड्यांत नुसत्या क्रियापदापुढे पृष्ठभाग आहे आणि ‘अप’ लावल्यावर पृष्ठभागावरची गोष्ट आहे.

‘वाइप डाउन’ वेगळं. त्यात पुन्हा पृष्ठभागच येतो, पण तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसायचा असतो. जिममधली यंत्रं, हॉस्पिटलच्या खाटेचे कठडे, लिफ्टची बटणं आणि दरवाजा यांच्यासाठी ‘वाइप डाउन’ म्हणतात. ‘वाइप डाउन द स्पिल’ चालत नाही.

जागेचं नाव आलं तर?

‘क्लीन अप’च्या पुढे जागाही येते, आणि तिथे अर्थ थोडा सरकतो. ‘क्लीन द किचन’ म्हणजे स्वयंपाकघराची सफाई: ओटा घासणं, टाइल्स धुणं, लादी पुसणं. ‘क्लीन अप द किचन’ म्हणजे स्वयंपाक झाल्यावर पडलेला पसारा आवरून जागा पूर्ववत करणं. पहिलं काम वेळापत्रकातलं असू शकतं. दुसऱ्यात आधी कुणीतरी पसारा केलाय हे गृहीत आहे. म्हणूनच पाहुण्याची खोली नीटनेटकी असताना त्यालाच ‘शाल आय क्लीन अप युअर रूम?’ विचारलं, तर तुम्ही पसारा केलाय असा सूर लागतो. तिथे ‘मे आय क्लीन युअर रूम नाऊ?’ हेच योग्य.

नियम समजल्यावर उलटी चूकही सुरू होते. जिथेतिथे ‘अप’ लावलं जातं. आरसा, खिडकी, चष्मा, बूट, दात यांना ‘अप’ लावत नाहीत. ‘क्लीन द विंडोज’, ‘क्लीन युअर ग्लासेस’, इतकंच. एकट्या वस्तूला पसारा नसतो, ती नुसती मळते.

पायरी २: ‘इट’ मध्ये बसवा

नाम असेल तर ते ‘अप’च्या मागे किंवा पुढे, कुठेही चालतं. ‘क्लीन अप द मेस’ आणि ‘क्लीन द मेस अप’, दोन्ही बरोबर. पण नामाच्या जागी ‘इट’, ‘देम’ आलं की ते मध्येच बसतं. ‘क्लीन इट अप’ बरोबर, ‘क्लीन अप इट’ चूक. याला अपवाद शोधत बसू नका. ‘धिस’ आणि ‘दॅट’सुद्धा मध्ये ठेवा: ‘कुड यू क्लीन धिस अप?’

नाम लांबलचक असेल तर मात्र ते शेवटीच जाऊ द्या. ‘क्लीन अप द टी दॅट स्पिल्ड निअर द सर्व्हिस लिफ्ट’ नीट ऐकू येतं. ‘अप’ शेवटी टाकलं तर तिथपर्यंत ऐकणाऱ्याला क्रियापदाचा विसर पडतो.

‘इट’ की ‘देम’ हेही पाहायला हवं. ‘ब्रोकन ग्लास’ म्हणजे काच हा पदार्थ. तुकडे कितीही असोत, ‘स्वीप इट अप’. ‘पीसेस’ म्हणालात तर ‘स्वीप देम अप’.

‘क्लीन अप आफ्टर’ ही जोडी मात्र फुटत नाही. ‘आफ्टर’च्या पुढे माणूस किंवा प्राणी येतो, आणि अर्थ होतो त्याने केलेलं निस्तरणं. पँट्रीतली पाटी म्हणजे ‘आपलं आपण आवरून ठेवा’. सोसायटीच्या बागेतली ‘क्लीन अप आफ्टर युअर डॉग’ म्हणजे कुत्र्याची घाण तुम्ही उचला. सर्वनामही इथे शेवटी राहतं: ‘आय ऑलवेज क्लीन अप आफ्टर हिम’.

पायरी ३: काळ बदलताना

बदल फक्त पहिल्या शब्दात होतो: क्लीन अप, क्लीन्स अप, क्लीन्ड अप, क्लीनिंग अप. ‘डिड’ आलं की मूळ रूप परत येतं. ‘डिड यू क्लीन्ड अप?’ ही सर्रास ऐकू येणारी चूक आहे. ‘डिड यू क्लीन अप?’ म्हणा.

काम नुकतंच झालंय आणि जागा आता ठीक आहे हे कळवायचं असेल तर ‘आय हॅव क्लीन्ड इट अप’. कधी झालं ते सांगायचं असेल तर ‘आय क्लीन्ड इट अप ॲट टेन’. ‘हॅव’ आणि घड्याळातली वेळ एका वाक्यात आणायची नाही.

कर्मणी वाक्यात ‘अप’ गळतं, कारण कर्म पुढे निघून गेल्यावर ‘अप’ एकटं लोंबकळतंय असं वाटतं. ते लोंबकळू द्या. ‘द ऑइल वॉज क्लीन्ड’ म्हणजे तेल शुद्ध केलं. ‘द ऑइल वॉज क्लीन्ड अप’ म्हणजे सांडलेलं तेल काढून टाकलं. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळच्या समुद्रात ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर होऊन तेल पसरलं होतं. अशा बातमीत ‘अप’ हा एक शब्द गाळला तर अर्थाचा पार अनर्थ होतो. हाउसकीपिंगच्या नोंदवहीत ‘वॉज’ गाळलं तरी चालतं: ‘टी स्पिल निअर लिफ्ट २, क्लीन्ड अप ॲट ९.४०’. ‘अप’ गाळू नका.

पायरी ४: जोडून बोला

शब्द सुटे सुटे उच्चारले की दोन अडचणी होतात: बोलणं तुटक वाटतं आणि समोरचा भरभर बोलला तर तुम्हाला कळत नाही. ‘क्लीन’मधला न पुढच्या ‘अप’ला चिकटतो: क्ली-नप. ‘क्लीन्ड अप’ होतं क्लीन्-डप. ‘क्लीन इट अप’ होतं क्ली-नि-टप. अमेरिकन पाहुण्याच्या तोंडी त्यातला ट मऊ होतो आणि क्ली-नि-डप असं काहीतरी ऐकू येतं. ते भूतकाळी रूप नाही.

आघात कुठे द्यायचा? क्रियापद असेल तर ‘अप’वर. नाम असेल तर ‘क्लीन’वर. ‘वी नीड टू क्लीन अप’ आणि ‘अ बीच क्लीन-अप’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा.

लिहितानाही हाच भेद राहतो. क्रियापद दोन सुट्या शब्दांत लिहायचं. नाम किंवा विशेषण असेल तर ब्रिटिश पद्धतीत मध्ये जोडरेषा. अमेरिकेत दोन्ही जोडून एक शब्द करतात. वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू केलेली वर्सोव्याची मोहीम, जिच्यासाठी त्यांना २०१६ चा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, ती ‘क्लीन-अप’, जोडरेषेसह. तिथे जाऊन लोकांनी केलं ते ‘क्लीन अप’, सुटं. अर्जात किंवा ईमेलमध्ये हे जपलंत तर लिहिणाऱ्याची नजर दिसते.

पायरी ५: माणसांशी बोलताना

मराठीत ‘पूस’, ‘पुसा’, ‘पुसाल का’ या रूपांतच आदर असतो. इंग्रजी क्रियापदाला तशी रूपं नाहीत, म्हणून आदर आजूबाजूच्या शब्दांतून आणावा लागतो. ‘क्लीन इट अप’ हा हुकूम आहे. शेवटी ‘प्लीज’ लावलं तरी हुकूमच राहतो, थोडा मवाळ. सहकाऱ्याला ‘कुड यू क्लीन धिस अप, प्लीज?’ म्हणा. हाताखालच्या मावशींशी किंवा दादांशी इंग्रजीत बोलण्याची वेळ आली तर त्यांनाही असंच म्हणा.

‘वुड यू माइंड क्लीनिंग धिस अप?’ हा प्रश्न तुम्हाला आला तर उत्तर जपून द्या. त्याचा शब्दशः अर्थ ‘तुमची हरकत आहे का?’ असा आहे. ‘येस’ म्हणजे हरकत आहे. ‘नॉट ॲट ऑल’ बरोबर. घाईत सुचलं नाही तर ‘शुअर, राइट अवे’ कुठेही चालतं. आणि ‘माइंड’च्या पुढे क्रियापदाला ‘इंग’ लागतो, हे विसरू नका.

फ्रंट डेस्कवर बसणाऱ्यांना आणखी एक रचना रोज लागते: काम मी नाही, दुसरं कुणी करणार. मराठीत ‘करवून घेतो’ म्हटलं की झालं. इंग्रजीत ‘आय विल गेट इट क्लीन्ड अप’. क्रम असा: गेट, वस्तू, क्रियापदाचं तिसरं रूप, अप. माणसाचा उल्लेख करायचा असेल तर ‘आय विल हॅव समवन क्लीन इट अप’, आणि इथे पहिलं रूप. ‘गेट इट क्लीन अप’ आणि ‘मेक इट क्लीन अप’ ही दोन्ही चुकीची मिश्रणं आहेत. ‘आय विल क्लीन इट अप’ म्हणून फोन ठेवलात आणि वर दुसराच माणूस गेला, तर पाहुणा म्हणतो, ते स्वतः येणार होते ना?

जवळचे शब्द, जे हमखास गोंधळ करतात

सगळ्यात महत्त्वाचा ‘क्लिअर’. जेवण झाल्यावर ताटं उचलणं म्हणजे ‘क्लिअर’, पुसणं म्हणजे ‘क्लीन’. स्टुअर्डने ‘मे आय क्लिअर द प्लेट्स?’ विचारायचं. ‘क्लीन युअर प्लेट’ म्हणजे ताटातलं सगळं संपव, जे आपण लहान मुलांना सांगतो. पाहुण्याला ते म्हणून चालणार नाही.

‘वॉश अप’ ब्रिटनमध्ये भांडी घासणं, अमेरिकेत हात-तोंड धुणं. अमेरिकन पाहुण्याने ‘व्हेअर कॅन आय वॉश अप?’ विचारलं तर त्याला बेसिन दाखवा. आपल्याकडचं ‘फ्रेश होऊन येतो’ इंग्रजीत ‘आय विल फ्रेशन अप’ होतं. ‘गेट फ्रेश’ टाळाच. एखाद्याशी ‘गेट फ्रेश’ होणं म्हणजे त्याच्याशी आगाऊपणा किंवा लगट करणं.

‘क्लीन आउट’ आतून रिकामं करून साफ करायच्या गोष्टींसाठी: फ्रिज, कपाट, ड्रॉवर, गटार, सोसायटीची पाण्याची टाकी. त्याचाच पुढचा अर्थ चोरीच्या बातम्यांत येतो. ‘द थीव्ह्ज क्लीन्ड आउट द फ्लॅट’ म्हणजे चोरांनी घर धुऊन नेलं. तिथे चुकून ‘क्लीन्ड अप’ लिहिलंत तर चोर घर आवरून गेले असं होईल. ‘क्लीन ऑफ’ चिकटलेलं काढण्यासाठी: ‘क्लीन द पेंट ऑफ द विंडो’. त्यात दोन्ही गोष्टी सांगता येतात, आधी काय काढायचं आणि मग कशावरून.

ऑफिसात फडक्याशी संबंध नसलेलं ‘क्लीन अप’ही रोज येतं. ‘क्लीन अप द डेटा’ म्हणजे एक्सेलच्या यादीतल्या दुबार नोंदी, नको त्या मोकळ्या जागा, नावांची वेगवेगळी स्पेलिंग काढून यादी वापरण्याजोगी करणं. मजकूर, कोड, इनबॉक्स, सगळ्यांना हे चालतं. ‘दे क्लीन्ड अप ॲट द अवॉर्ड्स’ म्हणजे त्यांनी भरपूर बक्षिसं लुटली. ‘क्लीन अप युअर ॲक्ट’ म्हणजे वागणूक सुधार. अर्थ कळला पाहिजे, पण कामावर कुणालाही म्हणू नका.

सराव

वहीत यादी करण्यापेक्षा काम करताना बोलणं जास्त टिकतं. रात्रीचं जेवण झालं की ओट्याजवळ उभं राहून प्रत्येक कृतीला तीन वाक्यं म्हणा: आधी नामासह, मग ‘इट’सह, मग काम झाल्यावर. ‘आय ॲम क्लीनिंग अप द दाल.’ ‘आय ॲम क्लीनिंग इट अप.’ ‘आय हॅव क्लीन्ड इट अप.’ मग डाळीच्या जागी तेल, पीठ, चहा. मग ‘क्लीन’च्या जागी ‘वाइप’. तिसऱ्या-चौथ्या फेरीत ‘इट’ आपोआप मध्ये जाऊ लागतं.

पुढची वाक्यं चुकीची आहेत. उत्तर झाकून आधी स्वतः दुरुस्त करा.

‘प्लीज क्लीन द ज्यूस.’ ज्यूस उरणार नाही, म्हणून ‘प्लीज क्लीन अप द ज्यूस’.

‘देअर्ज वॉटर इन द लॉबी, मॉप अप इट.’ ‘मॉप इट अप’.

‘आय हॅव क्लीन्ड अप द रूम ॲट फोर.’ वेळ दिली आहे, ‘हॅव’ काढा.

‘वुड यू माइंड टू क्लीन अप धिस?’ इथे दोन चुका आहेत: ‘वुड यू माइंड क्लीनिंग धिस अप?’

‘आय विल गेट द कार्पेट क्लीन अप.’ तिसरं रूप हवं, ‘क्लीन्ड’. आणि गालिच्यावर काही सांडलेलं नसेल, नुसता मळला असेल, तर ‘अप’ही नको: ‘आय विल गेट द कार्पेट क्लीन्ड’.